तांबडी बाजू रस्त्याकडे

केलर बट, धान्यकोठार, काट्याची खोली
मंगळवार, ६ ऑगस्ट २०२४, सकाळी १० वाजून १० मिनिटे

प्रिय आर्डिस आत्या,

हे लिहितोय तेव्हा माझ्या डाव्या खांद्यावर फोन आहे, उजव्या हातात पेन आहे आणि काट्यावर स्वेनसनांचा गव्हाचा ट्रक उभा आहे. फोनमध्ये हॉलिस स्टेट कॉलेजचं विजयगीत वाजतंय. तिकीट कचेरी माणसाला थांबवून ठेवते तेव्हा हेच गीत ऐकवते. आता चौथ्यांदा सुरू झालंय. लहानपणी या गाण्याला मी उठून उभा राहायचो. आज दात-ओठ खातोय.

तुला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि बाबांच्या कानावर हे जायला नको, म्हणून पत्र.

वेळापत्रक आलं. नोव्हेंबरात हॉलिस विरुद्ध टॅनर हा फुटबॉलचा सामना नाही. या वर्षी नाही आणि पुढच्या पाच वर्षांच्या यादीतही नाही. मी दोनदा तपासलं. तुमचं टॅनर टीव्हीच्या पैशामागे मोठ्या लीगमध्ये गेलं, आमचं हॉलिस मागे राहिलं. आता तुमचा संघ तीन हजार मैलांवर खेळायला जाणार आणि आमच्याकडे कुठलं तरी कॉलेज येणार, ज्याचं गाव मला नकाशावर शोधावं लागलं. मधले नव्वद मैल ओलांडून एकमेकांशी खेळायचं मात्र कुणाला परवडत नाही.

माझी चूक आधी सांगतो. जूनमध्ये कॉलेजकडून पत्र आलं की बाबांच्या मैदानातल्या दोन जागा (विभाग १४, ओळ ९) राखायच्या असतील तर सहाशे डॉलर देणगी भरा. त्यातली एक जागा तुझी, म्हणून मी भरली. आता कळतंय की ती देणगी तिकीट विकत घेण्याच्या हक्काची आहे. तिकिटांचे पैसे वेगळे. त्या पत्रात एकही चुकीचा शब्द नव्हता, सगळं व्यवस्थित लिहिलेलं होतं. मीच नीट वाचलं नाही. हे पैसे मी कम्युनिटी कॉलेजच्या पुढच्या सहामाहीसाठी ठेवले होते. कृपा करून बाबांना सांगू नकोस.

आणि आता दार. नियमावरून बाबांचं आणि माझं भांडण झालं, म्हणून इथे लिहून काढतो, चुकत असेन तर दुरुस्त कर. आजोबांच्या कोठाराचं जुनं दार. एक बाजू आमची हिरवी, एक बाजू तुमची तांबडी. जो सामना हरेल त्याने ते आपल्या घरी लावायचं, जिंकणाऱ्याचा रंग रस्त्याकडे करून, पुढच्या सामन्यापर्यंत. गेल्या वर्षी आम्ही हरलो. म्हणून आमच्या शेडला तांबडी बाजू रस्त्याकडे आहे. पुढचा सामनाच नाही, तर मग ते उतरवायचं कधी?

बाबा म्हणाले, "उतरवायचं नाही."

मी म्हणालो, "कधीच?"

"जिंकल्याशिवाय दार हलत नाही. मी मेलो तरी तू हलवायचं नाहीस."

येणारे-जाणारे हॉर्न वाजवतात. स्वेनसन आत्ताच म्हणाला, "काय रे, तुझ्या बापाने पक्ष बदलला का?" मी त्याच्या ट्रकचं वजन लिहून दिलं.

तू मोठी बहीण आहेस. तूच लिही त्यांना की दार काढ.

तुझा,
ऑरिन

(फोन आता कट झाला.)


टॅनर
१७ ऑगस्ट

ऑरिन बाळा,

पत्र मिळालं. तुझं अक्षर पाहून नेहमी वाटतं, हा मुलगा शाळेत टिकला असता तर मास्तरांना खडू पुरला नसता.

दार काढ असं मी हॅल्वरला मुळीच लिहिणार नाही. सत्तावीस वर्षांपूर्वी ते माझ्या गॅरेजला हिरवं तोंड करून सलग चार वर्षं लटकत होतं, तेव्हा तुझ्या बापाने कीव केली होती का? उलट दरवर्षी येऊन बिजागऱ्यांना तेल घालून जायचा, "नीट दिसायला हवं ना, आर्डिस" म्हणत. आता भोग म्हणावं.

इकडे सगळे खुशीत आहेत असं समजू नकोस. आमचा नोव्हेंबरातला सामना सकाळी की संध्याकाळी, ते टीव्हीवाले बारा दिवस आधी ठरवणार. उंटावरून शेळ्या हाकतात नुसत्या. माझा नवरा, तुझा व्हर्न काका, चाळीस वर्षं ज्या ओळीत बसला त्या ओळीवर आता काच लावून खोली केली आहे. आत चामड्याच्या खुर्च्या आणि कोळंबी. मी विचारलं, माझी जागा कुठे? तर कॉलेजातला एक पोरगा म्हणाला, "बाई, तुमची जागा आता एक अनुभव झाली आहे." मी म्हटलं, "मेल्या, अनुभव मला आहे, मला बूड टेकायला जागा हवी."

सहाशे डॉलर! आधी मला विचारायचं तरी. हॅल्वरला सांगणार नाही.

माझी लेक जोलीन दोन आठवडे आली होती. घर आवरतोय. खोक्यांच्या मधून वाट काढत चहा करते मी. नोव्हेंबरात मी बहुधा इथे नसेन, तेव्हा सामना नाही ते एका परीने बरंच झालं.

आर्डिस आत्या


केलर बट
९ सप्टेंबर

प्रिय आत्या,

तुझं शेवटचं वाक्य मी बऱ्याच वेळा वाचलं. "एका परीने बरंच झालं." याचा अर्थ मी असा घेतो की तू बाबांवर रागावली आहेस. आजीच्या दफनानंतर जेवणघरात ते जे बोलले त्यावरून असेल तर ती गोष्ट जुनी झाली. त्यांना ते बोलल्याचा पश्चात्ताप आहे. ते तसं म्हणत नाहीत, पण त्या दिवशी घातलेला कोट त्यांनी परत कधी घातला नाही.

इकडे सगळं वाईट आहे. आमचा चेंडू फेकणारा गडी, तो उंच पोरगा, ज्याला बाबा स्वतःचा शोध असल्यासारखे वागवायचे, तो टॅनरला गेला. तुमच्या गावातल्या मोटारविक्याने त्याला वर्षाला म्हणे काही लाख आणि एक ट्रक दिला. बाबांनी त्याच्या नावाचा सदरा धुऊन, घडी घालून चर्चच्या दानपेटीत टाकला. वर मला म्हणाले, "पोराचा दोष नाही. मला कुणी ट्रक दिला असता तर मीही गेलो असतो. पण मला कुणी विचारलं नाही, हाच माझा एकनिष्ठपणा."

शनिवारी सामना रात्री साडेसातला ठेवला होता, पूर्वेकडच्या टीव्हीच्या सोयीने. कापणीचे दिवस, सकाळी चारला उठायचं, कोण जाणार? तिकीट कचेरीला मी तीनदा फोन केला की जागा नको, देणगी परत द्या. तिसऱ्या वेळी एक बाई म्हणाली, "सर, देणगी परत मागायची नसते." मला सर म्हणाली. मी आभार मानले.

मी बाबांना सरळ विचारलं, "सामना नसला तरी आत्याला जेवायला बोलवा ना."

"कशासाठी?"

"भेटायला."

"भेटायला म्हणून कोण बोलावतं? ती विचारेल कोण मेलं."

"मग तुम्ही तिकडे जा."

"आणि दारात उभं राहून काय म्हणू? चिलीचं कालवण खायला आलो? ऑरिन, माणसाला निमित्त लागतं. आमच्याकडे तेवढं एकच होतं, ते विकलं त्यांनी."

आत्या, हे मी जसंच्या तसं लिहिलं आहे. मला ते महत्त्वाचं वाटलं. तू नोव्हेंबरात नसशील म्हणजे कुठे असशील?

ऑरिन


टॅनर
२० सप्टेंबर

ऑरिन,

मी रागावलेले नाही. घर विकलं. पहिल्या नोव्हेंबरला जोलीन मला ॲरिझोनाला, मेसाला घेऊन जाते आहे. गुडघे आता बर्फाला ऐकत नाहीत. तिथे तिच्या मागच्या अंगणात माझ्यासाठी दोन खोल्या आहेत आणि शेजारी सगळे म्हातारे गोल्फच्या गाड्यांतून हिंडतात म्हणे.

हॅल्वरला कळवू नकोस. कळवलंस तर त्याला वाटेल मी त्याला बोलावते आहे. मग तो येणार नाही, आणि आला नाही म्हणून स्वतःलाच खात बसेल. मला वाटलं होतं, नोव्हेंबरात सामन्याला भेटू, चिली खाऊ, दार पाहू, आणि जाता जाता गाडीत बसताना सांगून टाकेन. आमच्या घरात महत्त्वाचं सगळं गाडीचं दार लावतानाच बोलतात. तेवढंही राहिलं.

तुझ्या आजोबांनंतर आम्ही दोघंच उरलोय, ऑरिन.

आत्या


केलर बट
२९ सप्टेंबर

प्रिय आत्या,

मी बाबांना काही सांगितलेलं नाही. पण एक सापडलं आहे.

हॉलिसच्या संकेतस्थळावर फुटबॉलच्या खाली, दुकानाच्या खाली, देणगीच्या चौकटीच्याही खाली "इतर खेळ" म्हणून एक जागा आहे. तिथे मुलींची लांब पल्ल्याची शर्यत आहे, माळरानावर धावतात ती. शनिवार, १९ ऑक्टोबर, सकाळी १० वाजता, हॉलिसच्या गोल्फ मैदानावर. फक्त दोन संघ. हॉलिस विरुद्ध टॅनर. टीव्ही नाही. तिकीट नाही. गाडी लावायला पैसे नाहीत. खात्री करायला मी फोन केला तर पहिल्याच घंटीला खुद्द प्रशिक्षक बाईंनी उचलला. मला इतकं आश्चर्य वाटलं की मी आधी माफी मागितली.

त्या म्हणाल्या, "जरूर या. पुढच्या वर्षी आम्ही असू का माहीत नाही." कॉलेजला फुटबॉलच्या पोरांना पैसे द्यायचे आहेत, म्हणून धावणाऱ्या मुलींचा संघ बंद करायचा विचार आहे. बूट त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतलेत. मला त्याचा फार संताप आला, पण तो दुसऱ्या पत्रात लिहीन.

बाबांशी काल रात्रीच्या जेवणाला बोललो.

"मुली?" ते म्हणाले. "चेंडू कुठे असतो त्यात?"

"चेंडू नसतो."

"मग पळतात कशाच्या मागे?"

"कशाच्या मागे नाही. नुसतं पळतात."

"याला खेळ नाही, घाई म्हणतात."

मी म्हणालो, "बाबा, हॉलिस विरुद्ध टॅनर आहे. गुण असतात. जिंकणं-हरणं असतं. नियमात फुटबॉल हा शब्द कुठे आहे? आजोबा 'सामना' म्हणाले होते." हे मी आदल्या दिवशी तीनदा घोकून ठेवलं होतं.

ते बराच वेळ बटाटे कुस्करत बसले. मग म्हणाले, "आर्डिसला लिही. तिला म्हणावं, चिली मी आणतो, दालचिनीचे रोल तिने आणायचे. आणि दार ट्रकमध्ये चढवायला तुझा हात लागेल."

येशील ना?

ऑरिन


टॅनर
३ ऑक्टोबर

येते. रोल आणते. घाई तर घाई.

आ.


टॅनर
२३ ऑक्टोबर

ऑरिन बाळा,

हे पत्र वाचून झाल्यावर जाळ.

शनिवारचं अजून डोळ्यांसमोर आहे. धुकं, त्या पोरींच्या उघड्या पायांवरचा काटा, आणि माझा भाऊ वर्षानुवर्षांची ती हिरवी टोपी घालून दोरीला चिकटून उभा. पहिल्या पाच मिनिटांत म्हणाला, "यात काही कळत नाही." दहाव्या मिनिटाला त्या बारक्या वेणीवाल्या हिरव्या पोरीच्या मागे दोरीच्या कडेने स्वतः पळत होता, "ढोपरं उचल गं, बाई, ढोपरं!" असं ओरडत. अडुसष्ट वर्षांचा माणूस! त्या पोरीने वळून पाहिलं आणि खरंच ढोपरं उचलली.

मग तो फळा. त्या प्रशिक्षक बाईंनी खडूने लिहिलं, हॉलिस २९, टॅनर २६. आणि हॅल्वरने टोपी वर फेकली. "तीन गुणांनी! फुटबॉलातल्या शेवटच्या लाथेचे तीन गुण, आर्डिस! अगदी काठावर!" मला त्याने मिठी मारली. आईच्या दफनालाही मारली नव्हती.

ऑरिन, आता ऐक. शेजारच्या एका टॅनरच्या आईने मला आधीच समजावलं होतं. या खेळात पहिल्या आलेल्या पोरीला एक गुण, दुसरीला दोन, असे पाच पोरींचे आकडे मिळवतात. ज्याची बेरीज कमी तो जिंकला. आम्ही जिंकलो होतो. दार तांबडं तोंड करून तुमच्याच शेडला परत जायला हवं होतं.

मी तोंड उघडलं होतं. खरं सांगते, उघडलं होतं. माझ्या आयुष्यात हॅल्वरविरुद्ध जिंकलेला एकही गुण मी सोडलेला नाही. पण तोवर तो ट्रककडे चालू लागला होता, दाराचे दोर सोडायला. मला म्हणाला, "तुझ्या गॅरेजला लावून देतो, हिरवी बाजू रस्त्याकडे, आत्ताच येतो मागोमाग." तेव्हा मला सांगावंच लागलं की गॅरेज माझं राहिलेलं नाही. गाडीचं दार लावायच्या आधीच सांगितलं, उभ्या उभ्या.

तो चिलीत रोल बुडवत बसला. तू पाहिलंस. चिलीत रोल बुडवत बसला. मग म्हणाला, "मेसाला रस्ता आहे ना घरासमोर?"

मी म्हटलं, "आहे की."

"मग हिरवी बाजू त्या रस्त्याकडे."

जोलीन मला वेड्यात काढते आहे. सामानाच्या गाडीत पलंग नाही चढला, दार चढलं.

तुझ्या बापाला खरा निकाल कधी सांगू नकोस. हे माझं तुझ्याकडे मागणं आहे.

आत्या


केलर बट, काट्याची खोली
सोमवार, ४ नोव्हेंबर २०२४, दुपारी १ वाजून ५ मिनिटे

प्रिय आत्या,

हे पत्र मेसाच्या पत्त्यावर पहिलं. काट्यावर कुणी नाही. तुझं पत्र जाळलं नाही, कारण मी पत्रं जाळत नाही, पण ते कुलपात आहे.

मला नियम माहीत होता. शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात मी ग्रंथालयातून पुस्तक आणून वाचला होता. बाबांना सांगणार होतो, पण ते सारखं विचारत होते की तिथे मैलाचे खांब असतात का, आणि मग वेळ निघून गेली. फळ्याजवळ तू तोंड उघडलंस ते मी पाहिलं. मिटलंस तेही पाहिलं. मला वाटलं तुला नियम माहीत नाही आणि तू फक्त खोकणार होतीस. म्हणून मी तुझ्यापासूनही लपवलं. माफ कर.

मग मला एका गोष्टीची भीती वाटू लागली. आपलं साप्ताहिक गुरुवारी येतं आणि त्यात असे निकाल बारीक अक्षरात का होईना छापतात. बाबा ते पहिल्या पानापासून जाहिरातींपर्यंत वाचतात. मी पेटीतून ते आधी काढून घ्यायचं ठरवलं होतं. पण कामावरून धावत आलो तर अंक स्वयंपाकघरात टेबलावर होता आणि खेळाचं पान नव्हतं.

"बाबा, यातलं पान कुठे गेलं?"

"शेगडी पेटवायला घेतलं."

"वाचायच्या आधी?"

"त्यात हल्ली काही नसतं. सगळा पैसा."

शेगडी थंड होती, आत्या. मी हात लावून पाहिलं. त्याविषयी आम्ही पुढे बोललो नाही, आणि तूही लिहू नकोस.

शेडला आता दार नाही. आतला ट्रॅक्टर रस्त्यावरून दिसतो. मी फळ्या ठोकू का विचारलं तर म्हणाले, "राहू दे. परत यायचंय ना ते. मार्चमध्ये मेसाला किती तास लागतात?" मी म्हणालो बावीस. "बिजागऱ्यांना तेल कोण घालणार तिथे? जोलीन? नीट दिसायला हवं."

पण ते परत यायचं तर पुढच्या वर्षी सामना हवा. आणि संघच बंद होणार. म्हणून गुरुवारी कॉलेजच्या विश्वस्तांच्या सभेला गेलो. लोकांना बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं देतात. मी बाबांसाठी भाषण लिहून नेलं होतं, शुद्ध. त्यांनी ते खिशातच ठेवलं. टोपी काढून उभे राहिले आणि म्हणाले, "माझं नाव हॅल्वर टोलेफसन. तुम्ही माझ्या बहिणीला माझ्यापासून नव्वद मैलांवर ठेवलंत, ते आम्ही चालवून घेतलं. मग तुम्ही सामना विकलात. आता त्या पळणाऱ्या पोरी विकताय, ज्यांना कुणी गिऱ्हाईकही नाही. मला एवढंच सांगा, माझं दार परत कसं यायचं?"

अध्यक्षांनी विचारलं, "कसलं दार, सर?" बाबा म्हणाले, "ते समजवायला तीन मिनिटं पुरणार नाहीत," आणि बसले. मागच्या ओळीत ती वेणीवाली पोरगी होती. तिने टाळ्या वाजवल्या. एकटीनेच, पण बराच वेळ.

निर्णय डिसेंबरात आहे. माझा अंदाज वाईट आहे. त्यांच्याकडे आकडे आहेत आणि आमच्याकडे टोपी. बाबा मात्र म्हणतात की बंद केला तर दोन्ही कॉलेजांत आणखी काय काय आहे ते शोध, बुद्धिबळ असो, वादविवाद असो, गाईंची पारख असो. गाईंची पारख खरंच आहे. एप्रिलमध्ये. मी खूण करून ठेवली आहे.

तू हिशेब मागितला नव्हतास, पण मला लिहिल्याशिवाय चैन पडत नाही.

खर्च:
जागा राखण्याची देणगी, ६०० डॉलर. परत मिळत नाही. बाबांना अजून सांगितलेलं नाही. पुढच्या सहामाहीचा प्रवेश एक वर्ष पुढे.
फुटबॉलची तिकिटं, शून्य. घेतली नाहीत.
शर्यतीचं तिकीट, शून्य. गाडी लावणं, शून्य.
चिलीचं सामान, १४ डॉलर ४० सेंट.
दाराला बांधायला नवा दोर, ६ डॉलर २५ सेंट.
धावणाऱ्या मुलींच्या बुटांसाठी ठेवलेल्या वर्गणीच्या डब्यात, बाबा २० डॉलर, मी ५.

देणं:
जोलीनला, बिजागरीच्या स्क्रूंचे ३ डॉलर ८० सेंट. सोबत पाठवतो.
तुला, एक विजय.

येणं:
एक दार.

तुझा,
ऑरिन